हाफ गार्डमधून वर येताना: अंडरहुक स्वीप कसा शिकावा

ब्राझिलियन जिउ-जित्सूत हाफ गार्डमध्ये, म्हणजे वरच्याचा एक पाय आपल्या दोन पायांत अडकवून, खाली असलेल्या विद्यार्थ्याला मी आधी एकच विचारते: पाठ टेकली आहे का? टेकली असेल तर स्वीपचा, म्हणजे समोरच्याला खालून उलटवून वर येण्याचा, विचार त्या क्षणापुरता बाजूला ठेवायचा. पाठ पूर्ण जमिनीला, वरच्याचा खांदा गालावर, मान एका बाजूला वळलेली, अशा अवस्थेत कितीही जोर लावला तरी वरचा माणूस हलत नाही. दमतो तो खालचाच. कुशीवर वळता आलं की तोच जड माणूस हलायला लागतो.

मी पर्पल बेल्ट आहे, वजन 56 किलो, आणि संध्याकाळी नवशिक्यांचा वर्ग घेते. माझ्याबरोबर मॅटवर उतरणारे बहुतेकजण माझ्यापेक्षा बरेच जड असतात. मी दोन्ही पायांनी त्यांची कंबर आवळून धरते, तो क्लोज्ड गार्ड ते उघडतात, मग एक पाय पुढे घालतात, आणि प्रकरण हाफ गार्डवर येऊन थांबतं. त्यामुळे या जागेत नुसतं तग धरण्यापेक्षा इथून काहीतरी करता येणं मला गरजेचं होतं. इथे एकच स्वीप सांगणार आहे: काखेखालून हात घालून, म्हणजे अंडरहुक घेऊन, गुडघ्यांवर यायचं आणि समोरच्याला त्याच्या मोकळ्या गुडघ्यावरून पाडायचं. त्याला लागून येणारे दोन-तीन फाटेही सांगते. पण सगळ्यात जास्त लिहिणार आहे ते स्वीपच्या आधीच्या हालचालींबद्दल, कारण माझ्या मते हा डाव तिथेच जिंकला जातो. शेवटचा धक्का ही फार छोटी गोष्ट आहे.

एके काळी हाफ गार्ड म्हणजे गार्ड, खालच्याने पायांनी घातलेला अडसर, जवळपास गेलाच, असं धरलं जायचं. वरच्याचा एक पाय कसाबसा दोन पायांत अडकवून ठेवायचा आणि पूर्ण गार्ड परत मिळतो का ते बघायचं, इतकाच त्याचा उपयोग. हे चित्र बदलण्याचं श्रेय ब्राझीलच्या रोबेर्तो 'गोर्दो' कोरेआ यांना दिलं जातं. गुडघ्याच्या दुखापतीमुळे त्यांना नेहमीसारखा गार्ड खेळता येईना, म्हणून ते हाफ गार्डमध्ये राहू लागले आणि तिथूनच हल्ले करू लागले. 1990च्या दशकात त्यांच्या खेळामुळे इतरांचीही या जागेकडे बघण्याची नजर बदलली. पुढे लुकास लेइते यांनी अंडरहुक घेऊन गुडघ्यांवर येण्याचा खेळ फार बारकाईने विकसित केला. हा खेळ फक्त हलक्या माणसांचा आहे असंही नाही. बर्नार्दो फारिया सुपर हेवी गटातले, आणि 2015च्या जागतिक स्पर्धेत त्यांनी आपल्या गटाबरोबर खुल्या, म्हणजे वजनाची अट नसलेल्या, गटाचंही सुवर्ण जिंकलं. त्यांच्या खेळाचा मोठा भाग हाफ गार्ड आणि डीप हाफ गार्डवर (वरच्याच्या अगदी खाली शिरून खेळायचा हाफ गार्ड) उभा होता.

आता डावं-उजवं ठरवून घेऊ, नाहीतर पुढे गोंधळ होईल. तुम्ही खाली आहात. जोडीदाराचा उजवा पाय तुमच्या दोन पायांत अडकला आहे. त्याचा डावा पाय मोकळा आहे आणि तो तुमच्या उजव्या बाजूला आहे. म्हणजे तो तुमच्या उजवीकडून गार्ड पार करू, तुमचे पाय ओलांडून पुढे येऊ बघतोय. तुम्ही उजव्या कुशीवर, त्याच्याकडे तोंड करून. तुमचा उजवा पाय त्याच्या दोन पायांच्या मध्ये, डावा पाय बाहेरच्या बाजूला. तुमचा डावा हात वरचा, उजवा हात मॅटच्या बाजूचा. पुढचं सगळं याच बाजूने वाचा. वाचताना जमिनीवर आडवं होऊन बघितलंत तर फार बरं.

कुशीवर येणं

वरच्याला दोन गोष्टी हव्या असतात. एक, डाव्या हाताचा क्रॉसफेस, म्हणजे तुमच्या मानेखालून हात घालून खांद्याने तुमचा चेहरा पलीकडे वळवणं. दुसरी, उजव्या हाताने तुमच्या डाव्या काखेखालचा अंडरहुक. दोन्ही मिळाल्या तर तुमची पाठ टेकलीच म्हणून समजा. चेहरा जिकडे वळतो तिकडे खांदे जातात, खांदे जातात तिकडे कंबर जाते. म्हणून पहिली लढाई क्रॉसफेसशी आहे, आणि ती तुमच्या उजव्या हाताची आहे.

उजवा हात त्याच्या डाव्या दंडाच्या आतल्या बाजूला ठेवा, कोपराच्या थोडा वर. तळव्याने दंड धरा किंवा मनगटाच्या हाडाने अडवा, पण कोपर आपल्या बरगड्यांपासून लांब जाऊ देऊ नका. हात लांब करून ढकलत राहिलात तर तो हात बाजूला सारला जातो आणि क्रॉसफेस आत येतो. हाताने त्याला दूर लोटायचं नसतं. त्याचा दंड मानेपर्यंत पोहोचू नये इतकं अंतर राखलं की पुरे.

डाव्या पायाचा गुडघा त्याच्या छातीपुढे आडवा आणला की नी शील्ड होतं. नवशिक्यांनी हे आधी शिकावं असं मला ठामपणे वाटतं. नी शील्ड असेल तर वरच्याचं वजन तुमच्या नडगीवर येतं, छातीवर येत नाही, आणि विचार करायला दोन श्वास मिळतात. त्याच वेळी उजवा पाय त्याच्या अडकलेल्या पायामागे आकड्यासारखा वळवून ठेवा. हा खालचा आकडा सैल झाला तर नी शील्ड कितीही छान असलं तरी पाय निसटतो.

आणि पाठ आधीच टेकलेली असेल तर? डावं पाऊल मॅटवर रोवा, कंबर थोडी उचला, आणि उचललेली कंबर मागे, म्हणजे तुमच्या डावीकडे सरकवा. कंबर मागे गेली की उजव्या कुशीला जागा होते. एकदम मोठी उडी घेऊ नका. वीतभर सरका, हाताची आडकाठी पुन्हा लावा, पुन्हा वीतभर सरका. वरचा माणूस श्वास सोडतो किंवा हाताची पकड बदलतो, त्या वेळी सरकलात तर निम्मा जोर वाचतो. मानेला मात्र जपा. चेहरा पलीकडे वळलेला असताना कंबर जोरात वर उसळवून (ब्रिज करून) मान मोकळी करायला जाऊ नका. आधी हाताने थोडी जागा करा, मग कंबर हलवा.

अंडरहुक

नी शील्ड लावून सुरक्षित वाटायला लागलं की तिथेच बसून राहण्याचा मोह होतो. स्वीपसाठी मात्र जवळ जावं लागतं. नी शील्ड काढायचं, आणि काढतानाच डावा हात त्याच्या उजव्या काखेखालून आत घालायचा. या दोन्ही हालचाली एका वेळी व्हायला हव्यात. गुडघा आधी काढलात आणि हात मागाहून आला तर मधल्या क्षणात त्याची छाती तुमच्या छातीवर येते.

हात घालण्याची संधी बहुतेक वेळा तोच देतो. तो तुमचा गुडघा दाबायला उजवा हात खाली नेतो, किंवा तुमच्या डोक्याकडे नेतो, तेव्हा त्याचं कोपर त्याच्या अंगापासून सुटतं. काख उघडी दिसली की जायचं. काख बंद असेल तर मी डाव्या हाताने त्याचा उजवा खांदा एकदा जोरात ढकलते. तो साहजिकच उलट दाब देतो, पुढे झुकतो, आणि त्या झुकण्यात हात खाली सरकवायला फट मिळते.

अंडरहुक घेतल्यावर हात कुठपर्यंत जातो यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. नुसता हात काखेत लटकलेला असेल तर तो वरून तुमचा दंड दाबेल आणि तुम्ही पुन्हा पाठीवर. खांदा काखेत गेला पाहिजे. तुमच्या डाव्या खांद्याची गोलाई त्याच्या काखेत बसली आहे असं जाणवलं पाहिजे. गी, म्हणजे जाड कापडाचा सरावाचा पोशाख, घातला असेल तर हात पाठीवरून फिरवून मागून पट्टा धरा. पट्ट्याची पकड फार मोठा आधार देते. नो-गीमध्ये पलीकडच्या बरगड्यांवर तळवा ठेवा, बोटं जुळवलेली, आणि मनगटाने त्याची पाठ आपल्याकडे ओढून धरा.

डोक्याबद्दल वेगळं सांगायलाच हवं. माझ्या वर्गात हा स्वीप ज्यांना जमत नाही त्यांच्यापैकी बहुतेकांचं डोकं चुकीच्या जागी असतं. डोकं त्याच्या छातीला टेकलेलं हवं, त्याच्या हनुवटीच्या खाली, मधे हवा जायलाही जागा नको. डोकं मॅटवर असेल तर क्रॉसफेस येतो. डोकं छातीपासून लांब असेल तर गळ्याभोवती हात येतो. डोकं छातीला चिकटलं की ते तिसऱ्या हातासारखं काम करतं आणि वरच्याला तुमच्यावर पसरू देत नाही.

त्याच वेळी थोडं खाली सरका. तुमचं डोकं त्याच्या खांद्यांच्या रेषेत असेल तर तो भारी पडतो. त्याच्या छातीच्या खालच्या भागापाशी आलं की तो हलका वाटतो, कारण आता तुम्ही त्याच्या वजनाच्या मध्याखाली आलेल्या असता. हे सरकणं पायांनी होतं. खालच्या आकड्याने त्याचा पाय ओढा, आणि त्या ओढण्यावर स्वतःला खाली घ्या.

कोपर, हात, गुडघा

आता वर यायचं. इथे घाई करणारा हरतो आणि थांबणाराही हरतो. अंडरहुक खोल बसल्यावर तुमच्याकडे फार वेळ नसतो, कारण वरचा लगेच त्या हातावरून आपला उजवा हात फिरवून ओव्हरहुक घेतो, ज्याला व्हिझर म्हणतात, आणि कंबरेने तुम्हाला खाली दाबतो. म्हणून वर येणं आणि अंडरहुक खोल करणं ही एकच सलग हालचाल समजा.

आधी उजवं कोपर मॅटवर टेका, खांद्याच्या बरोबर खाली. कोपर लांब पडलं तर त्यावर वजन घेता येत नाही. मग कोपरावरून तळव्यावर या. तळव्यावर आलात की कंबर मॅटवरून सुटते. मग उजवा गुडघा स्वतःच्या अंगाखाली ओढून घ्या. या सगळ्या वेळात छाती त्याच्या बरगड्यांना चिकटलेली आणि डावा हात त्याच्या पाठीवर घट्ट. वर येण्यासाठी त्याला ओढू नका. त्याला ओढलंत तर तो तुमच्यावर पडतो. स्वतःला त्याच्याकडे उचला.

गुडघ्यांवर आल्यावर चित्र असं दिसतं: तुम्ही त्याच्या उजव्या बाजूला, त्याचा उजवा पाय अजून तुमच्या पायांत, तुमचा उजवा गुडघा खाली आणि त्याच पायाचं पाऊल त्याच्या घोट्यावरून वळवलेलं, डावं पाऊल बाहेर रोवलेलं. इंग्रजीत याला डॉगफाइट म्हणतात आणि मॅटवर सगळे तोच शब्द वापरतात. दोघेही गुडघ्यांवर आणि दोघेही एकमेकांना रेटतायत. पण अंडरहुक तुमचा आहे आणि त्याचा एक पाय तुमच्या ताब्यात आहे, म्हणून पारडं तुमच्या बाजूला आहे. घोट्यावरचं पाऊल सोडू नका. ते सुटलं तर तो पाय काढून समोर वळतो आणि तुम्ही नुसते दोन माणसं गुडघ्यांवर उरता.

पाडणं

चार पायांच्या टेबलाचा एक पाय काढून घेतला तर ते त्या कोपऱ्यावर पडतं. गुडघ्यांवर असलेला माणूसही असाच चार टेकूंवर असतो. त्याचा उजवा पाय तुम्ही अडकवला आहे, उजवा हात बहुतेक वेळा तुमच्या अंडरहुकशी झटापट करण्यात गुंतलेला असतो. उरले डावा हात आणि डावा गुडघा. यातला गुडघा आपण काढून घ्यायचा.

उजवा हात त्याच्या पोटाखालून पलीकडे न्या आणि डाव्या गुडघ्याला बाहेरून धरा. गीमध्ये पँटचं कापड गुडघ्यापाशी मुठीत घ्या. नो-गीमध्ये तळवा वाटीसारखा करून गुडघ्याच्या मागच्या खोबणीत अडकवा. मग खांद्याने त्याच्या डावीकडे रेटा आणि त्याच वेळी गुडघा आपल्याकडे ओढा. रेटण्याची दिशा महत्त्वाची आहे. सरळ त्याच्या डोक्याच्या दिशेने रेटलंत तर तो डावा हात टेकवून थांबतो. तुम्ही ज्या गुडघ्याला धरलंय, त्या कोपऱ्याकडे तिरकं रेटा. तिथे त्याच्याकडे टेकायला काही नाही.

जोर दंडातून येत नाही. रोवलेल्या डाव्या पावलाने मॅट मागे ढकला आणि दोन-तीन छोटी पावलं टाकत पुढे चाला. मी वर्गात सांगते की तो पडेपर्यंत चालायचं थांबवू नका. एकदा रेटून थांबलात तर त्याला तोल सावरायला वेळ मिळतो.

पलीकडचा गुडघा धरण्याऐवजी काहीजण पलीकडच्या पावलाची बोटं धरतात आणि पाऊल त्याच्या कुल्ल्याकडे ओढून घेतात. एडी ब्राव्हो यांच्या टेन्थ प्लॅनेट पद्धतीत याला ओल्ड स्कूल म्हणतात. फार चांगला प्रकार आहे, विशेषतः तुमचे हात लांब असतील तर. सराव करताना मात्र एक पथ्य पाळा: जोडीदार पडायला लागला की पाऊल सोडा. दुमडलेल्या गुडघ्यावर अंगाचं वजन पडलं तर गुडघा पिळवटतो. हाच नियम अडकलेल्या पायालाही लागू आहे. तो उजवीकडे किंवा मागे विचित्र कोनात पडतोय असं दिसलं तर आकडा मोकळा करा. स्वीप हुकला तरी चालेल. आणि तुम्ही वरचे जोडीदार असाल, पाय अडकून वळतोय असं वाटलं, तर तोंडाने टॅप, म्हणजे हार मानली, म्हणा. हात मोकळे नसतील तेव्हा तोंडाचा टॅप तितकाच मोलाचा असतो.

तो पडला की लगेच उठून बसू नका. डोकं खाली, छाती त्याच्या छातीवर, उजवा गुडघा त्याच्या मांड्यांमधे, कंबर जड. आयबीजेजेएफ या जिउ-जित्सू संघटनेच्या नियमांत स्वीपचे 2 गुण मिळतात ते वर येऊन 3 सेकंद पकड टिकवल्यावर. पडलेला माणूस पहिल्या सेकंदातच उसळतो, म्हणून तो सेकंद तुमच्या अंगात मुरलेला हवा. बहुतेक वेळा तुम्ही त्याच्या हाफ गार्डमध्ये वर येता. ते ठीक आहे, गुण मिळतात. गार्ड पार केलात तर आणखी 3 गुण, पण तो पुढचा विषय.

तो परत रेटतो तेव्हा

अनुभवी माणूस तुम्हाला गुडघ्यांवर आरामात येऊ देणार नाही. तो व्हिझर घट्ट करतो आणि आपलं सगळं वजन उजवीकडे, म्हणजे तुमच्या अंगावर टाकतो. अशा वेळी नवशिके दात-ओठ खाऊन उलट रेटत राहतात, आणि जड माणूस जिंकतो. 56 किलोंच्या बाईला हा मार्ग कधीच परवडणारा नव्हता.

तो तुमच्याकडे येतोय ना? येऊ द्या. त्याचा उजवा हात तुमच्या डाव्या हाताभोवती गुंडाळलेला आहे. डावं कोपर अंगाशी आवळा, म्हणजे त्याचा तो हात तिथेच अडकतो आणि त्याला उजव्या बाजूला टेकता येत नाही. उजवा हात त्याच्या डाव्या मांडीला आतून घाला, गुडघ्याच्या जरा वर. आता तो रेटत असतानाच त्याच्याखाली शिरा, डाव्या खांद्यावर वळा, आणि त्याची डावी मांडी वर उचलत त्याला स्वतःवरून पलीकडे न्या. त्याचंच रेटणं त्याला उलटवतं. हे जमायला वेळेचं भान लागतं: तो रेटायला लागल्यावर जायचं, आधी गेलात तर तुम्ही स्वतःहून त्याच्याखाली जाऊन पडता.

हे दोन डाव एकमेकांशिवाय अर्धेच आहेत. एक त्याच्या डावीकडे पाडतो, दुसरा उजवीकडे. तो एकापासून वाचायला जी हालचाल करतो तीच दुसऱ्याला हवी असते. म्हणून मी दोन्ही एकाच धड्यात शिकवते, जरी दुसरा पहिल्या दिवशी कुणालाच जमत नसला तरी.

कधी तो डावा पाय खूप मागे पसरतो आणि त्याचा गुडघा हाताला लागत नाही. मग पलीकडे हात पसरून ताणत बसू नका. त्याचा उजवा पाय तुमच्याजवळच आहे. दोन्ही हातांनी तोच कवटाळा, डोकं वर करा आणि सिंगल लेग, म्हणजे एक पाय धरून पाडण्याचा डाव, म्हणून पुढे खेळा. किंवा अंडरहुकचा हात पट्ट्यावर घट्ट असेल तर बाहेर निघा आणि त्याच्या पाठीवर जा. त्याची पाठ मिळणं हे स्वीपपेक्षा केव्हाही मोलाचं.

गळ्याची काळजी

अंडरहुकबरोबर एक धोका येतोच: डार्स चोक, हातांनी गळा आवळण्याचा डाव. त्याचा उजवा हात तुमच्या हातावरून जाण्याऐवजी तुमच्या डाव्या काखेखालून आत येतो, गळ्यासमोरून पलीकडे निघतो, आणि तो दुसऱ्या हाताशी कुलूप लावतो. हे तुमचं डोकं छातीपासून सुटलेलं असताना आणि डावा हात लांब ताणलेला असतानाच होतं. डोकं चिकटलेलं, कोपर जवळ, तर त्याला हात घालायला जागा राहत नाही. तरीही त्याचा हात गळ्याकडे येताना जाणवला तर स्वीप लगेच सोडा, पाठ पुन्हा मॅटला लावा आणि गळ्यासमोर हात आणा. कुलूप पूर्ण लागलं असेल तर टॅप करा. वर्गात एक चोक सोसून दाखवण्यात काहीही शौर्य नाही.

सराव

मी हा डाव उलट्या क्रमाने शिकवते. पहिल्या दिवशी दोघांना थेट डॉगफाइटमध्ये बसवते आणि फक्त गुडघा धरून पाडायला सांगते, जोडीदाराने हलका विरोध करायचा. त्यामुळे शेवट कसा दिसतो, कुठे पोहोचायचं आहे, हे अंगाला आधी कळतं. ते बसलं की एक पायरी मागे: अंडरहुक घेतलेला आहे, कोपर-हात-गुडघा करत वर या. मग आणखी मागे: नी शील्डपासून सुरू करा, अंडरहुक स्वतः मिळवा. सगळ्यात शेवटी पाठ टेकलेल्या अवस्थेतून. सुरुवातीपासून शिकवलं तर विद्यार्थी क्रॉसफेसच्या लढाईतच अडकतात आणि पुढचा भाग त्यांच्या वाट्याला फार उशिरा येतो.

एकट्याने करण्यासारखा भागही आहे. मॅटवर उजव्या कुशीवर पडा, कोपरावर या, तळव्यावर या, गुडघा अंगाखाली घ्या, परत खाली जा. सावकाश करा, डोकं कुठे जातंय ते बघत करा. वॉर्मअपमध्ये हे घातलं तर वेगळा वेळ काढावा लागत नाही.

पूर्ण रोलमध्ये, म्हणजे मोकळ्या झुंजीच्या सरावात, जायच्या आधी ठरावीक जागेपासूनचा सराव हवाच. तीन मिनिटं लावायची, हाफ गार्डमधून सुरू करायचं. खालच्याने स्वीप केला किंवा वरच्याने गार्ड पार केला की परत तिथूनच सुरुवात. वरच्या जोडीदाराला आधी सांगा की व्हिझर लावायचा आणि रेटायचं. नाहीतर तो सौजन्याने पडत राहतो, तुम्हाला डाव येतोय असं वाटतं, आणि पहिल्याच खऱ्या रोलमध्ये तो चालत नाही. जोडीदार निवडताना सुरुवातीला आपल्याच वजनाचा घ्या. जड माणसाबरोबर नंतर करा, पण करा नक्की, कारण खाली सरकण्याचं आणि डोकं टेकवण्याचं महत्त्व जड माणूसच शिकवतो.

स्वीप हुकला तर नेमका कुठे हुकला ते रोल संपल्यावर जोडीदाराला विचारा. "वजन कधी हलकं वाटलं?" आणि "कधी वाटलं की मला पाडता येणार नाही?" हे दोन प्रश्न पुरतात. वरच्याला खालच्यापेक्षा जास्त कळलेलं असतं. बहुतेक वेळा उत्तर येतं की डोकं सुटलं तेव्हा, किंवा तू कोपरावर थांबलीस तेव्हा.

दोन्ही बाजूंनी शिकावा का, असं जवळजवळ प्रत्येकजण विचारतो. सुरुवातीला नको. ज्या बाजूला तुम्हाला गार्डमधून जास्त वेळा यावं लागतं ती एक बाजू पक्की करा. दुसऱ्या बाजूला तोपर्यंत फक्त नी शील्ड आणि क्रॉसफेसचा बचाव ठेवा. पहिल्या बाजूने अनोळखी जोडीदारावरही डाव लागायला लागला की दुसरी बाजू उचला, आणि तीही पुन्हा डॉगफाइटपासून, उलट्या क्रमानेच.